भिलाई-3 : लोकसंख्येचे मूळ व जनगणना

भिलाई-3 : छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-चरोदा नगरक्षेत्रातील वस्ती. मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग व रायपूर यांच्या दरम्यान. भिलाई-चरोदाची लोकसंख्या सुमारे 98 हजार (2011).

भारतीय जनगणनेत ‘वांशिक मूळ’ असा रकाना नाही. सर्व जातींची आकडेवारी 1931 नंतर प्रसिद्ध झाली नाही. स्वातंत्र्योत्तर जनगणनांत फक्त अनुसूचित जाती-जमाती नोंदल्या गेल्या, त्याही गणना जिथे होते त्या राज्याच्या यादीप्रमाणे. त्यामुळे येथील रहिवाशांचे मूळ मातृभाषा, धर्म, जन्मस्थान, पूर्वीचे वास्तव्य व स्थलांतराचे कारण या नोंदी एकत्र वाचूनच ताडावे लागते.

परिसरातील जुनी वस्ती छत्तीसगढी : साहू (तेली), कुर्मी, राऊत, सतनामी, गोंड इत्यादी. छत्तीसगढी भाषकांची गणना मात्र हिंदीच्या गटात होते. भारत-सोव्हिएट करारानुसार (1955) भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. कारखाना व चरोद्याचे रेल्वे यार्ड यांमुळे परिसरात तेलुगू, ओडिया, बंगाली, मलयाळी, पंजाबी, भोजपुरी व मराठी कुटुंबे आली.

मराठी वस्तीचे थर : नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढात अंमल 1741 पासून, 1758 पासून रतनपूरला बिंबाजी भोसले यांचा कारभार. त्या काळात आलेली कुटुंबे रतनपूर-रायपूर भागात स्थिरावली. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. पुढे नोकरीसाठी विदर्भातून आलेल्यांची भर पडली. विदर्भातून आलेल्या अनेक कुटुंबांची ओळख भाषेइतकीच ‘बौद्ध’ या धर्मनोंदीतूनही पटते.

नोंदीची मर्यादा : जन्मस्थानाचा रकाना पहिल्या पिढीपुरताच बोलतो. भंडाऱ्याहून आलेल्या कामगाराचे जन्मस्थान महाराष्ट्र. त्याच्या येथे जन्मलेल्या मुलाचे दुर्ग. मुलाचे मराठीपण मग केवळ मातृभाषेच्या रकान्यात उरते. मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत बोले ती; आई लहानपणीच वारली असल्यास घरात मुख्यतः बोलली जाणारी. उत्तर देणाऱ्याने सांगितलेले भाषेचे नाव प्रगणकाने जसेच्या तसे लिहायचे असते. घरात मराठी बोलणाऱ्याने ‘हिंदी’ सांगितल्यास तो हिंदी भाषकांत गणला जातो.

2027 च्या जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केला.