वस्तरा खाली ठेवणारे हात

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण निरुद्योगी माणसाच्या खटाटोपासाठी सहज वापरतो. तुंबडी म्हणजे काय, हे मात्र आता वर्गात समजावून सांगावे लागते. अंगातले दूषित मानलेले रक्त ओढून काढण्याचे ते साधन. आणि ती लावणे हे न्हाव्याचे काम होते. 'हजाम' या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थही तुंबड्या लावणारा असाच आहे. 'न्हावी' हा शब्द संस्कृत 'नापित', प्राकृत 'ण्हाविअ' अशा वाटेने आला आणि त्याचे नाते स्नानाशी जोडले जाते. मराठवाड्यात 'वारीक' हा आणखी एक शब्द आहे. परतूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे उर्दूच्या सहवासातला हजाम आणि गावगाड्यातला वारीक या परिसराच्या भाषेत शेजारी नांदले. आज पाट्यांवर 'सलून' आले आहे. पण जुने शब्द सांगतात की केस कापणे हा या माणसाच्या कामाचा केवळ एक भाग होता.

मग उत्तम कारागीर कोणाला म्हणायचे? धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, वाटी आणि आरसा, एवढीच सामग्री. तान्ह्या बाळाचे जावळ काढताना टाळू सांभाळावी लागते; म्हाताऱ्याच्या गालाची सैल कातडी बोटांनी ताणून धरावी लागते; आणि बाप गेलेल्या मुलाचे क्षौर करताना हाताबरोबर तोंडही आवरावे लागते. धार लावणे शिकता येते, हाताचा हलकेपणा सरावाने येतो. परंतु अनोळखी माणूस आपला गळा उघडा करून डोळे मिटून समोर बसतो, तो कसबापेक्षा भरवशावर. घराघरांत जाणाऱ्या या माणसाच्या कानावर गावातली निम्मी गुपिते पडत. ती कुठे थांबवायची, हेही त्याच्या विद्येत मोडत असे.

ही विद्या वाङ्मयात आणली ती संत सेना महाराजांनी. त्यांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात हजामतीचा सगळा क्रम परमार्थाचे रूपक होऊन येतो. आरसा, चिमटा, पाणी, नखे काढणे यांतले काहीही कवीला क्षुद्र वाटत नाही. इतर संतांनीही आपापल्या व्यवसायाची रूपके योजली; परंतु येथे कारागीर दुसऱ्याच्या देहाला हात लावतो आणि त्याचा अहंकार उतरवतो. हे धाडस वेगळे आहे. 'सैन' या नावाने याच संताची मानली जाणारी रचना शिखांच्या आदिग्रंथातही समाविष्ट आहे.

समाजाची स्मृती मात्र निराळ्या दिशेने गेली. प्रतापगडावर १६५९ मध्ये शिवरायांवरचा वार अडवणारा जिवा महाला, १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांचे रूप घेऊन बलिदान देणारा शिवा काशीद, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे वकील भाई कोतवाल, ही नाभिक समाजाची अभिमानस्थाने. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, की हे मोठेपण धोकटीबाहेरचे आहे. धोकटी हाती असतानाच मोठे होण्याचे उदाहरण हवे असेल तर १८९० सालच्या मुंबईत जावे लागेल.

त्या काळी ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत विधवेचे केशवपन रूढ होते. 'सुधारक'मधून आगरकर या रूढीवर तुटून पडत होते. १८९० मध्येच हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिच्यातल्या यमूची विटंबना मराठी वाचक आजवर विसरलेला नाही. या साऱ्या चर्चेत विधवा दिसते, सासर दिसते, शास्त्री दिसतात. ज्याच्या हातात वस्तरा असे, तो सहसा दिसत नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांना तो दिसला. त्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार झाला.

या निर्धाराचे मोल शहर लक्षात घेतल्यावर नीट कळते. गावातला न्हावी बलुत्यावर जगे. खळ्यावर मिळणारे धान्य गावाच्या मर्जीवर अवलंबून असे. एका वजनदार घराला नकार म्हणजे वर्षाच्या भाकरीवर पाणी. मुंबईत रोख मजुरी होती, गिऱ्हाईक पुष्कळ होते, आणि नकार एकट्याचा नव्हता. तरीही उत्पन्नाचा एक भाग सोडूनच तो निर्णय घ्यावा लागला. वस्तरा कसा चालवावा हे सांगणारे गुरू पुष्कळ असतील. तो कोणत्या डोक्यावर चालवू नये, हे या कारागिरांनी स्वतः ठरवले.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विधवेपुढे वस्तरा खाली ठेवणे हा विवेक होता. दलितासाठी तो उचलायचाच नाही, ही मात्र रूढीची आज्ञा होती, आणि गावोगावी ती पाळली गेली. बलुतेदार स्वतः उतरंडीत दबलेला, तरी त्याच्याही खाली कोणी असे. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदानंतर अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे १९५५च्या कायद्याने गुन्हा ठरले. एकच कृती, नकाराची. एकदा ती माणसाच्या बाजूने उभी राहते, एकदा त्याच्या विरुद्ध.

म्हणून श्रेष्ठ केशकर्तनकाराच्या गुणांची यादी करताना नजर, धार, हलका हात आणि आवरलेली जीभ यांच्यापाशी थांबता येत नाही. आज परतूरच्या सलूनमधल्या फिरत्या खुर्चीत कोणीही बसू शकतो, ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की तिच्यामागे दोन लढे आहेत हे लक्षात येत नाही. त्यांतला एक खुद्द कारागिरांनी लढला, आणि मराठी वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यमूच्या शेजारी त्यांना दोन ओळींची जागा मिळायला हवी.