पृष्ठगत अभिप्राय
पृष्ठगत अभिप्राय : तपासणीसाठी सिद्ध केलेल्या मजकुरावर वा रचनेवर, सूचना ज्या जागेविषयी असेल त्याच जागी नोंदविलेला शेरा. वेब ॲपच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे प्राथमिक नमुन्यावर, पडद्यावरच शेरे नोंदविणे हा त्याचा आधुनिक प्रकार होय. मात्र या पद्धतीचे मूळ हस्तलिखितांच्या शोधनात आढळते.

महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या शिवथरघळीत रामदासांनी (१६०८–८१) दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहिला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. पानाच्या चहूबाजूंस जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास बाध येत नाही, असे त्यात सांगितले आहे. डोमगाव मठातील दासबोधाची प्रत कल्याणस्वामींनी लिहिलेली व रामदासांनी तपासलेली मानली जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

संरक्षणासाठी सोडलेला हा कोरा समास शोधनासही उपयोगी पडे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. गळलेला शब्द समासात लिहून मूळ जागी काकपद हे चिन्ह करीत. पुष्कळदा शब्दाबरोबर ओळीचा क्रमांकही देत, त्यामुळे दुरुस्तीची जागा निश्चित होई.

या पद्धतीत एक मोठा धोका होता. समासातील शब्द गळलेल्या पाठाचा भाग आहे की वाचकाचे टिपण, हे पुढील लेखकास नेहमीच उमगत नसे. त्यामुळे टिपणे मूळ ग्रंथात शिरत व प्रक्षेप वाढत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (१५८४) ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असे त्यांना बजावावे लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद श्लोकक्रमांकासह तळटीपांत दिले असून मूळ पाठ व नोंद यांची फारकत काटेकोरपणे पाळली आहे.

वेबवरही हाच प्रश्न उद्भवला. मोझॅक या न्याहाळकाच्या १९९३ मधील आरंभीच्या आवृत्तींत पानास शेरे जोडण्याची सोय होती. परंतु सामूहिक शेऱ्यांची सोय टिकली नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ फेब्रुवारी २०१७ रोजी वेबवरील टिपणांचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार शेरा पानापासून स्वतंत्र ठेवता येतो व त्याची जागा संबंधित शब्द, त्यांच्या मागचापुढचा मजकूर किंवा अक्षरांचा क्रम यांवरून ठरविता येते. प्रोटोटाइपमध्ये शेरा एखाद्या बटणास वा चौकटीस जोडतात. तो कोणी केला व त्याचे निराकरण झाले की नाही, याचीही नोंद ठेवता येते.

शेरा स्वतंत्र ठेवल्याने प्रक्षेपाचा धोका टळतो; पण नमुना बदलून तो घटकच नाहीसा झाला, तर शेरा निराधार होतो. म्हणून शेऱ्याबरोबर नमुन्याची ती आवृत्तीही जतन करणे इष्ट ठरते. हस्तलिखितात शेरा व पान एकत्रच टिकत किंवा एकत्रच झडत. पडद्यावर मात्र त्यांचा संबंध हेतुपुरस्सर राखावा लागतो.