सुटे भाग एकमेकांना का जुळतात?

वसई, नालासोपारा किंवा विरारमध्ये राहून स्वतःचा संगणक स्वतः जोडू पाहणाऱ्याची वाट १९९० च्या दशकात ठरलेली असे. लोकल पकडायची, मुंबई सेंट्रल किंवा ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. कागदोपत्री या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीपासून प्रसिद्ध असलेला हा बाजार पुढे संगणकाच्या भागांचाही झाला. एका दुकानात मदरबोर्ड, दुसऱ्यात प्रोसेसर, तिसऱ्यात मेमरी अशी खरेदी होई. घरी आल्यावर एखादा भाग जुळला नाही, तर पन्नासएक किलोमीटरची खेप पुन्हा! पण एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांनी वेगवेगळ्या देशांत बनवलेले भाग मुळात जुळतात तरी कसे? याचे उत्तर इतिहासात सापडते.

सुरुवातीच्या संगणकांबाबत हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. संपूर्ण रचना एकाच गटाची असल्याने सारे भाग एकमेकांसाठीच घडवलेले होते. मात्र त्याच्या स्मृतीचा संच काढून दुसऱ्या संगणकात बसवणे शक्य नव्हते. १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही मालिका जाहीर केली. तिच्यातील लहान संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्यावरही चालावा, ही कल्पना महत्त्वाची होती. पण नियम ठरवणारी कंपनी एकच होती.

खरे वळण आले ऑगस्ट १९८१ मध्ये. घाईने बाजारात उतरायचे म्हणून आयबीएमने आपला ‘पीसी’ बाहेरच्या भागांतून उभा केला. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. विस्तारासाठी खाचा ठेवल्या आणि विद्युतमंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक पुस्तिकाही उपलब्ध केली. आयबीएमच्या हक्कात राहिला तो मुख्यतः ‘बायॉस’ हा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीने त्याची नक्कल न करता, तो काय काम करतो एवढेच पाहून नवा बायॉस लिहवून घेतला आणि १९८३ मध्ये आपला संगणक विक्रीस आणला. १९८४ पासून फीनिक्स कंपनी असा बायॉस इतरांना विकू लागली आणि कोणालाही पीसी बनवता येऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत सरकारच्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली. लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजाराची मुळे या दोन घटनांत आहेत.

सुटलेला लगाम आयबीएमने परत हाती घेण्याचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये तिने ‘मायक्रो चॅनेल’ ही वेगवान पण परवाना घेऊनच वापरता येणारी जोडणी आणली. जुनी कार्डे तीत बसत नव्हती. पुढच्याच वर्षी नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन जुनी कार्डे चालतील अशी ‘ईसा’ जोडणी जाहीर केली. अखेर दोन्ही मागे पडल्या आणि इंटेलची १९९२ ची ‘पीसीआय’ टिकली. पण सर्वांना खुल्या नसलेल्या जोडणीला बाजारात पाय रोवता येत नाहीत, हा धडा मिळाला.

या इतिहासातून भाग निवडण्याच्या तीन कसोट्या निघतात. पहिली यांत्रिक : भाग जागेवर बसतो का? १९९५ च्या ‘एटीएक्स’ मानकाने मदरबोर्डच्या स्क्रूंच्या जागा ठरवून दिल्या आणि ते मानक आजही चालू आहे. दुसरी विद्युतीय : व्होल्टता जुळते का? डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही मेमरींना २४० संपर्कबिंदू असतात, पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, तर दुसरीला १.५. चुकून बसवू नये म्हणून खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. तिसरी भाषेची : दोन्ही भागांना एकमेकांचे संकेत कळतात का? २०१७ मधील इंटेलचे काही प्रोसेसर दोन वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवरील तेवढ्याच, ११५१, संपर्कबिंदूंच्या खोबणीत बसत; पण चालत नसत. म्हणजे ‘बसला’ याचा अर्थ ‘जुळला’ असा नव्हे.

आता एक चौथी कसोटीही आली आहे, परवानगीची. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शाळांमधले कितीतरी धडधाकट संगणक एकाएकी ‘न जुळणारे’ ठरतात. त्यांतला एकही भाग बिघडलेला नसतो. बदललेला असतो तो नियम. असे संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहणे शाळेच्या हिताचे आहे.

शिक्षकांनी एखादा बंद पडलेला संगणक, वीजजोडणी काढून, वर्गात उघडून पाहावा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. तिच्यातील संधारित्रांत विद्युतभार शिल्लक असू शकतो. प्रत्येक जोडणीपाशी थांबून मुलांना विचारावे : हा आकार कोणी ठरवला आणि दुसऱ्या कोणाला असाच भाग बनवण्याची मुभा आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे मिळते, तिथेच वसईच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या हाताने संगणक जोडता येतो.