किल्ले, सरकारी पैसा आणि गावचा बाजार

वाचकहो, प्रवाशांच्या सोयीसाठी सरकार पैसा खर्च करते, तो शेवटी कुणाच्या पदरात पडतो? पालघरच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचा चांगला उलगडा होतो.

केळवे, शिरगाव, तारापूर येथले किल्ले पोर्तुगीजांच्या अमलातले. किनाऱ्यावर हुकमत राहावी, हा त्यांचा हेतू. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव कामी आले. पुढे तोफा थंडावल्या आणि लढण्याच्या जागा पाहण्याच्या जागा झाल्या.

आता एक गंमत पहा. शिरगावचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याच्या डागडुजीला सरकारी तिजोरी उघडता येते. तारापूरच्या किल्ल्यात मात्र खासगी वाडी आहे. दोघांचा इतिहास एकच, पण सातबारा निराळा; आणि अनुदान जाते ते सातबारा पाहून!

बरे, बुरूज दुरुस्त झाला म्हणून गावाचे पोट भरते का? गवंड्याला चार दिवस काम मिळते, इतकेच. पुढची कमाई प्रवाशावर. अन् प्रवासी आणण्याचे मोठे काम इथे रेल्वेवरच्या खर्चाने झाले. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. केळवे रोड मुंबईकरांना जवळ झाले. पण सकाळी आलेला पाहुणा संध्याकाळी परततो. रिक्षाचे भाडे आणि एक शहाळे, एवढाच त्याचा खर्च. तोच रात्री राहिला, तर कोळणीचे मासे, वाडीतली भाजी, घरातली खोली, सगळ्यांना भाव येतो. २०२० साली राज्य सरकारने आठ किनाऱ्यांवर कुट्या उभारण्याचे धोरण आखले. त्यांत केळवे आणि बोर्डी होते, व स्थानिकांना प्राधान्य होते. ते प्राधान्यच महत्त्वाचे.

कारण मोठा सरकारी पैसा या मुलखाने पूर्वीही पाहिला आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला कारखाने आले. देशाला वीज मिळाली. पण पुढे केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली.

तेव्हा उद्या किनाऱ्यावर नवी पाटी लागली, तर खर्चाचा आकडा जरूर वाचा. पण त्या पैशातून गावातल्या किती चुली पेटल्या, हेही विचारायला विसरू नका.