परतीच्या पावसाचे नऊ दिवस

शहाडहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना भातखाचरं लागतात. इथे पावसाच्या येण्याइतकंच त्याचं जाणंही महत्त्वाचं. हळवं भात कापून आडवं पडलेलं असताना सह्याद्रीवर दुपारचे ढग चढले, तर दाण्यांना मोड येतात. म्हणून जुनी माणसं हस्त आणि चित्रा नक्षत्रं मोजत थंडीची वाट पाहत. हवामान खात्याचा हिशोब १९०१ ते १९४०च्या नोंदींचा होता. त्यानुसार मान्सून मुंबईतून २९ सप्टेंबरला परते. २०२० साली, १९७१ ते २०१९च्या नोंदी तपासून, ती तारीख ८ ऑक्टोबर झाली. कागदावर नऊच दिवस सरकले. जुन्या तारखेच्या भरवशावर विळा उचलणाऱ्यासाठी मात्र तेवढ्यात वर्षाचं पीक जाऊ शकतं.