नोंदीतला ताप

आमच्या पणजोबांना गाठीनं नेलं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. गाठ म्हणजे प्लेग. पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघं एका आठवड्यात गेले. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. धाकट्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. नवरी नदीपल्याडची, दौंडकडची. 'पांढऱ्या पायाची आली, दोन कर्ती माणसं खाल्ली,' हा बोल तिला लागला तो कायमचा. पुढं जन्मभर ती आमच्याच घरात राबली. मी तिला पाहिलंय. लग्नात हळद लागायची वेळ आली की म्हातारी आपसूक गोठ्याकडं जायची.

2023 साली कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, तेव्हा मीही शिरूरच्या तहसिलीत गेलो. जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक मोडीत लिहिलेलं. मोडी वाचणाऱ्यानं पणजोबांचं नाव काढून दिलं. साल 1918, महिना ऑक्टोबर, वय तीस. मरणाचं कारण, ताप. भावाचं वय वीस, कारण तेच. खालीवर पाहिलं तर सगळ्या पानभर तापच.

मी घरी येऊन विचार करत बसलो. पुणे जिल्ह्यात प्लेग 1897 पासूनचा. वीस वर्षांत गाठ कुणाला ओळखू येत नव्हती असं नाही. काखेत, जांघेत गाठ असती तर लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं असतं. प्लेगात आधी उंदीर पडायचे, मग लोक गाव सोडून रानात झोपड्या घालायचे. आजोबांची थोरली बहीण मात्र सांगायची, "कुणी गाव सोडलं न्हाई. समदी घरातच आडवी. पाणी द्यायला मानूस नव्हतं. नवी नवरी तेवढी उभी व्हती, तीच समद्यांच्या तोंडाला पाणी लावायची."

जुनी माणसं त्या सालाला मानमोडीचं साल म्हणत. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. 1918 च्या जूनमध्ये तो मुंबईत आला, तेव्हा सौम्य होता. सप्टेंबरात उसळला. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 माणसं गेली. रेल्वेच्या वाटेनं तो देशभर पसरला, आणि दौंड तर जंक्शन. पाऊस गेलेला, बाजरी वाळलेली, अंगात ताकद नाही. हा ताप छातीत उतरायचा, आणि म्हातारी सोडून वीस ते चाळिशीतली माणसं जास्त न्यायचा. देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली म्हणतात. त्यात आमची दोन.

नवरी उन्हाळ्यात आली, ताप दसऱ्याच्या सुमाराला. मधे चार-पाच महिने ती आमच्याच उंबऱ्याच्या आत होती. रोग तिनं आणला नव्हता. तिनं तो निस्तरला होता.

हे सांगायला म्हातारी आता नाही. नोंदीची नक्कल मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. पित्रांना घास टाकताना आधी तिचं नाव कुणी घेत नव्हतं. आता घेतो.