अक्षरांचे संकेतांतर

मोडी दप्तर बाळबोधीत उतरविणाऱ्या लेखनिकाचे काम केवळ वळण बदलण्याचे नव्हते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसल्याने त्यास अर्थ जाणूनच लिहावे लागे. संगणकाच्या युगात हेच कार्य निराळ्या रूपाने पुढे आले.

संगणक अक्षर साठवितो ते क्रमांकाच्या रूपाने. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली मानक म्हणून स्वीकारली. तीत ब्राह्मीकुलातील लिप्यांच्या समान वर्णांस एकच क्रमांक असे. ‘क’ देवनागरी असो वा कन्नड, तो १७९ च. त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली होती. परंतु प्रत्येक लिपीस स्वतंत्र स्थान मिळून देवनागरी ‘क’ २३२५ व कन्नड ‘क’ ३२२१ झाला.

संगणकशास्त्रातही सिद्ध आज्ञावलींच्या संग्रहास ‘लायब्ररी’च म्हणतात. आयबीएमने १९९९ मध्ये सर्वांस खुला केलेला ‘आयसीयू’ हा असा एक संग्रह असून, इस्की व युनिकोड यांच्या परस्पर रूपांतराची सोय त्यात आहे.

मराठीची खरी कसोटी मात्र एका लहानशा ‘र’काराने घेतली. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. हा दुसरा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलंत जोडून, अथवा साध्या ‘र’च्या हलंतापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. क्रमांक मात्र भिन्न. त्यामुळे एका रीतीने नोंदविलेले ग्रंथनाम दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, तर आचाऱ्याचा आचार्य होतो.

१९९० नंतरच्या दशकातील अक्षरजुळणीने आणखी एक अडचण निर्माण केली. तत्कालीन अनेक फाँट वर्ण नव्हे, तर वर्णाचे दृश्य तुकडे साठवीत. त्यांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येई, रफार अक्षरानंतर. रूपांतर करताना हा क्रम उलगडून उच्चाराच्या क्रमाने लावावा लागतो. आणि तुकड्यांचे क्रमांक फाँटागणिक निराळे असल्याने, फाँटाचे नाव हरवले की मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसू लागतो.

म्हणूनच ग्रंथालयांनी रूपांतरित प्रतीबरोबर मूळ प्रत व तिच्या फाँटाचे नावही जतन करणे इष्ट होय. यंत्राचे काम संपल्यावर, पूर्वीच्या लेखनिकाप्रमाणे, मराठी जाणणाऱ्या डोळ्यांनी तो मजकूर एकवार वाचणे अगत्याचे आहे.